हवालदार आणि रिकामी वाटी

तुमच्या आज्ज्या परकरात होत्या तेव्हाची गोष्ट. शहरातला हवालदार नावाचा कुत्रा घरच्यांबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीला मालकाच्या आत्याच्या गावी गेला. शहरात दाराला कडी, साखळी, वर कुलूप. इथं आत्याचं दार दिवसभर सताड उघडं. हवालदारानं पहारा स्वतःकडं घेतला. तो उंबऱ्यावर बसला आणि येईल त्याच्यावर गुरगुरू लागला.

शेजारची शेवंता विरजणासाठी वाटी घेऊन आली, ती आल्या पावली पळाली. दोन दिवसांनी आत्याचंच विरजण संपलं. मांजरीनं चाटलं होतं, पण ते राहू दे.

आत्या भाच्याला म्हणाली, "आता कुठल्या तोंडानं मागू शेवंताकडं? उद्या याला परत धाड बाबा."

हवालदाराचे कान पडले. मांजर मिशा पुसत म्हणाली, "साहेब, चोर घरातून वाटी नेतो. घेऊन येतो का कधी?"

आत्याचं बोलणं पलीकडं ऐकू गेलं असावं; संध्याकाळी शेवंताच वाटीत विरजण घेऊन कुंपणाशी उभी राहिली. हवालदार उठला, उंबऱ्यावरून बाजूला सरला आणि त्यानं हळूच शेपूट हलवलं.

आत्या म्हणाली, "राहू दे मेल्याला."

सुट्टी संपली. शहरात एकदा दाराची कडी वाजली. मालकिणीनं फटीतून पाहिलं, तर एक बाई रिकामी वाटी घेऊन उभी. हवालदार भुंकला नाही, बाजूला सरला. मालकिणीनं साखळी काढली.

"या ना आत. कुठं राहता आपण?"

"इथंच, समोरच्या दारात. सहा वर्षं झाली."