गल्लीभर सुगंध

पूर्वी, तुमच्याआमच्या पणज्यांच्याही आधी, विणकरांचं एक गाव होतं. दर पुनवेच्या संध्याकाळी तिथे घरोघरी सुगंधी मेणबत्ती लावत. घर प्रसन्न व्हावं म्हणून ही चाल पडली. पण माणसाची जात! पुढे पुढे जो तो एवढंच पाहू लागला, की कुणाच्या घरचा सुगंध गल्लीत लांबवर जातो.

त्या गावात एक विणकरीण होती. लेकीच्या लग्नासाठी ती रेशमी शेला विणत होती. वर्षभराचं काम, आता वीतभर उरलं होतं. माग उजेडासाठी खिडकीशीच मांडलेला.

पुनवेला नवऱ्याने केवड्याची मेणबत्ती आणली, मनगटाएवढी जाड. पेटवली आणि ठेवली थेट खिडकीत.

विणकरणीच्या कपाळाची शीर उठली. "अहो, वाऱ्यात कुठे ठेवता? शेजारी पडदा, त्याला लागून माग! आणि वात केवढी लांब ती! काजळी धरेल, ज्योत भडकेल."

"आत ठेवली तर गल्लीला कळणार कसं?" नवरा हसला. "वात मोठी, तर नाव मोठं."

"नाव गेलं चुलीत!"

तिने मेणबत्ती विझवली, वात कात्रीने कापली, पितळी ताटलीत घालून घराच्या मधोमध ठेवली आणि मग पुन्हा लावली. लेकीला घेऊन ती पाण्याला निघाली. दारातून वळून म्हणाली, "मी येईस्तोवर तिच्यापाशी बसा. उठायचं तर विझवून उठा."

"मेणबत्ती आहे ती, तान्हं बाळ नाही."

"तान्हं बाळ निदान रडतं तरी. ही मुकाट्याने घर खाईल."

ती परतली तेव्हा नवरा पारावर पाय हलवत बसला होता. भोवती चार शेजारी.

"काय केवडा आहे राव!" एक म्हणाला.

"पण आता वास काही निराळाच येतोय हो," दुसरा म्हणाला.

विणकरणीने नाक वर केलं. तो केवडा नव्हता. ते रेशीम जळत होतं.

ती धावली. मेणबत्ती पुन्हा खिडकीत होती, पडदा पेटून मागावर पडला होता. पाठोपाठ आलेल्या नवऱ्याने तिच्या हातची घागर हिसकली आणि जळत्या मेणावरच ओतली. मेण तडतडून उडालं, ज्योत वासरासारखी उसळली. त्याचा हात भाजला.

"मेणावर पाणी ओततात होय? व्हा बाजूला!" तिने मेणबत्तीवर पातेलं पालथं घातलं. लेकीच्या घागरीतलं पाणी मागावर ओतलं. आग विझली.

घर वाचलं. शेला गेला. लेक जळका काठ हातात घेऊन उभी राहिली.

"अगं, मी जरा पारापर्यंतच..." नवरा पुटपुटला.

"बोलू नका. हवा होता ना गल्लीभर वास? गेला गल्लीभर."

लेक मांडवात उभी राहिली ती शेजारणीकडून मागून आणलेल्या शेल्यात. साऱ्या गावाने पाहिलं. बापाला मान वर करता आली नाही.

ज्याला ज्योतीपाशी बसायला सवड नाही, त्याने ती लावू नये.