पेवाचे झाकण

कथा सांगण्यात हयात घालवलेल्या एका वृद्धाकडे एकदा एक शिष्य आपली नवी कथा घेऊन आला. कथा सूडाची होती. एक म्हातारा त्यात स्वतःच्या तोंडाने सांगतो, की पन्नास वर्षांपूर्वी आपण अपमान करणाऱ्या मित्राला गोड बोलून पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात, उतरवले. 'जपून उतर रे, पाय घसरेल,' असे वर काळजीने बजावले. मग पेवाच्या तोंडावर शिळा सरकवून ती चार बोटे जाड शेणमातीने लिंपून टाकली.

खरे तर कथेतला मित्र म्हणजे शिष्याचाच गुरुबंधू रंगनाथ. दोन वर्षांपूर्वी भर सभेत तो शिष्याच्या कथनाला हसला होता आणि तेव्हापासून दोघांत अबोला होता. त्या अपमानावर शिष्याने चार पाने खर्ची घातली होती. उद्या देवळात ती ऐकून सर्वांनी रंगनाथला ओळखावे, एवढाच त्याचा डाव.

वृद्धाने नेमकी तीच चार पाने काढून घेतली आणि त्या जागी एकच वाक्य ठेवले: 'त्याने माझा अपमान केला होता.' शिष्य मनातून चरफडला. कारणच गेले, तर सूड पटणार कसा? पण गुरूंना विचारायची छाती झाली नाही, आणि कुतूहलही पाठ सोडेना.

दुसऱ्या दिवशी त्याने कथा तशीच सांगितली. रंगनाथ पुढेच बसला होता. कथा संपल्यावर मेलेल्या मित्राविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. जो तो त्या म्हाताऱ्याविषयीच विचारू लागला. त्याला झोप तरी लागते का? अपमान एवढा होता तरी काय? शेवटी रंगनाथ म्हणाला, "पन्नास वर्षं झाली, तरी शिळेवर किती बोटं माती थापली ते याला आठवतंय. कमाल आहे."

शिष्य चपापला. त्या सभेत रंगनाथने कोणत्या काठाचे उपरणे घेतले होते, हे त्याला आजही आठवत होते.

मंडळी उठल्यावर त्याने गुरूंना कारण विचारले.

"अपमान सांगितला असतास, तर लोक निवाडा करत बसले असते," वृद्ध म्हणाले. "तो काढला, म्हणून ते सांगणाऱ्याकडे बघू लागले. पेवातला एका दिवसात सुटला. झाकणावर बसलेला अजून उठलेला नाही. आणि बाळा, तुझी ती चार पानं मी नीट वाचली. त्यांत एक हसणं सोडलं, तर काहीच नव्हतं."

देवळाच्या पायऱ्या नुकत्याच धुतल्या होत्या. रंगनाथ उतरत होता.

"जपून उतर रे," शिष्य मागून म्हणाला, "पाय घसरेल."

रंगनाथ थबकला. त्याने वळून शिष्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, आणि मग आधारासाठी हात पुढे केला.