टेंभुर्णे सरांनी लेख खुला केला

एका तालुक्याच्या गावी कॉलेज होतं आणि त्या कॉलेजात एक भोळा प्राध्यापक होता, टेंभुर्णे सर. भोळा म्हणायचं ते आपलं लाजेखातर. पदव्या तीन, पण अक्कल एकीबरोबरही आली नव्हती.

बारा वर्षं खपून सरांनी लिंबावरच्या खैऱ्या रोगाला औषध शोधलं. लेख लिहिला आणि कपाटात कुलपात ठेवला. किल्ली करदोट्याला.

प्राचार्य खंडागळेबाई म्हणाल्या, "अहो, बढतीची एकच जागा आहे. लेख किती जणांनी वाचला, ते समिती बघणार. दडवताय काय? हातात असेल ते इंटरनेटवर टाका, फुकट!"

"बरं, मॅडम."

तेव्हा सरांच्या हातात होती वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका. टाकली. त्या वर्षी बाकावर झोपणारी पोरंही पहिल्या वर्गात आली. सरांना वाटलं, आपलं शिकवणं फळलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "टेंभुर्णे! काही टाकताना पासवर्ड घालायचा! माझ्या सहीच्या पत्राशिवाय कुणाला दाखवायचं नाही!"

"बरं, मॅडम."

मग सरांनी लेख टाकला, पासवर्ड घालून. ज्यांच्या लिंबाच्या बागा वाळत होत्या, त्यांचे फोन यायला लागले. सर म्हणायचे, "आधी बाईंच्या सहीचं पत्र आणा." सहा महिन्यांत लेख एकाच माणसाने वाचला. सरांनी. तोही दोनदा, शुद्धलेखनासाठी.

बाई कडाडल्या, "लेखाला कसला पासवर्ड, महाशय? काढा तो! लेखाच्या बाबतीत जो जे मागेल ते द्यायचं. का, कशाला, विचारायचं नाही!"

"बरं, मॅडम."

चारच दिवसांत रसायनशास्त्राचे चिंचोलीकर आले. या गृहस्थांनी जन्मात लिंबू पिळलं ते पोह्यांवर. बढतीवर डोळा मात्र त्यांचाही होता.

"सर, लेखावर तुमच्या जागी माझं नाव घाला ना."

सरांना बारा वर्षं आठवली. पण का, कशाला, विचारायचं नव्हतं. घातलं.

लेख अठरा हजार लोकांनी वाचला. बागा हिरव्या झाल्या. समिती आली, चिंचोलीकरांना बढती दिली आणि भरपेट जेवून गेली.

इकडे सर पेढे वाटत सुटले. "मॅडम, अठरा हजार!"

बाईंच्या हातात पेढा तसाच राहिला. "पेढे कसले वाटताय? जागा गेली तुमची! लेख माझा आहे म्हणून समितीपुढे बोलायचं तरी! बारा वर्षांच्या नोंदवह्या होत्या ना पुराव्याला?"

"होत्या की," सर हसत म्हणाले. "त्याही मागितल्या चिंचोलीकरांनी. जड होत्या बिचाऱ्यांना, म्हणून घरापर्यंत मीच पोचवल्या."