ध्रुवयानाचा पोचा

मिरजेत गाड्यांचे पोचे काढणाऱ्या रजाक शिकलगारांनी चार मित्र जमवून 'ध्रुवयान'चा स्वतःचा एक भाग बनवला. मूळ 'ध्रुवयान' हा मुंबईच्या एका बड्या स्टुडिओचा अंतराळपट. त्याचे दोन्ही भाग रजाकभाईंना तोंडपाठ! फक्त यांचं यान भंगारातल्या पत्र्याचं होतं.

सांगलीच्या महोत्सवात हा हौशी सिनेमा लागला आणि पाहुणे म्हणून नेमके स्टुडिओचे मालक सबनीसच आले. सिनेमा संपताच त्यांनी माईक ओढला.

"आमच्या यानाची थट्टा लावलीय ही! दाराशेजारी केवढा तो पोचा! आणि म्हणे पोचे काढणाऱ्यानं बनवलंय. पुन्हा कुठे दाखवलात तर कोर्टात खेचीन."

रजाकभाई सावकाश उठले.

"साहेब, पोचा तुमचाच आहे. पहिल्या भागात कप्तानबाईंनी माणसं वाचवायला यान खडकावर घातलं, तेव्हा पडलेला. दुसऱ्या भागात तुम्ही यान कोरं करकरीत आणलंत. पोचे काढण्यात माझी हयात गेली, हा एकच मी हातानं ठोकून पाडलाय. ज्या पोच्यापायी अकरा जीव वाचले, तो काढायचा नसतो."

टाळ्या थांबेनात. सबनीसांनी माईक ठेवला आणि कोर्टाचं नाव पुन्हा काढलं नाही.

वर्षभरानं स्टुडिओचा तिसरा भाग आला. यानाला पोचा होता! मिरजेच्या थिएटरात सगळ्या माना रजाकभाईंकडे वळल्या.

"बाजू चुकली," ते म्हणाले.