सुपडूबाबाचा लाल झेंडा

फार वर्षांपूर्वी, कोळशाचं इंजिन धूर ओकत जायचं त्या काळात, आमच्या सावळखेडीत सुपडू इंगळे नावाचा माणूस होऊन गेला. तो चाळीस वर्षं रेल्वेत होता, असं म्हणतात. कुणी तीसच म्हणतं. कितीही असोत, काम एकच. खांद्यावर हातोडा, काखेत लाल झेंडा, आणि रोज सहा मैल रूळ पायाखाली घालायचा. रुळावर ठोका मारायचा, आवाज ऐकायचा आणि ढिलं काय झालं ते ओळखायचं. त्याचा कान एवढा तिखट, की रुळाला कान लावून तो येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला पडसं झालंय हे सांगायचा. असं म्हणतात हं, मी पाहिलेलं नाही.

नोकरी संपली आणि तो गावी येऊन शेती करू लागला. त्याचं शेत तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आणि शेताला लागून खालची वस्ती, चाळीस घरांची. ज्वारी त्यानं झकास पिकवली, पण अंगातली रेल्वे काही जाईना. रोज सकाळी हातोडा घेऊन तो पाळीवर चढायचा आणि एकेका दगडावर ठोके मारत जायचा. लोक हसायचे.

"काहो सुपडूबाबा, आज कोनती गाडी येनार हाये?"

"आल्यावर इचारून काय फायदा?" असं म्हणून तो पुढचा दगड ठोकायचा.

मग एक साल असं आलं, की आठ दिवस पाऊस थांबलाच नाही आणि तलाव काठोकाठ भरला. नवव्या दिवशी उघडलं. तो दिवस खांदमळणीचा होता, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावायची, म्हणून गावातली सगळी जनावरं आणि माणसं खालच्या वस्तीत जमली होती. वर सुपडूबाबानं पाळीच्या मधल्या दगडावर ठोका मारला, आणि आवाज पोकळ आला, म्हणजे पाळ आतून पोखरली होती.

त्यानं तेच केलं, जे तो आयुष्यभर करत आला होता. लाल झेंडा पाळीवर रोवला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. लाल झेंडा दिसला की लाटसाहेबाची गाडीसुद्धा थांबते.

पण ते रेल्वेत. आमच्याकडं उंच जागेवर लाल झेंडा दिसला तर काय समजतात?

"पाळीवर देव निंगाला!" कुणीतरी ओरडलं. झालं! कुणी नारळ घेतला, कुणी हळदीकुंकू, आणि गाव पाळीवर धावत सुटलं. सुपडूबाबा ओरडतोय, "थांबा! मांगं सरका!" लोक म्हणतात, बाबाच्या अंगात आलं. तो जेवढे हात हलवी, तेवढे लोक जास्त येत. बिचारा पार गोंधळून गेला. ज्या झेंड्यानं गाड्या थांबवल्या, तोच झेंडा माणसांना मरणाच्या जागी बोलावत होता. मला हे सांगताना अजून धडकी भरते.

इतक्यात त्याची बायको कौतिकाबाई भाकर घेऊन आली. तिनं एकदा झेंड्याकडं पाहिलं, एकदा गर्दीकडं.

"अवो, हे लोक थांबाले नाही, पाया पडाले येऊन राह्यले! झेंडा तुमचा असन, पन गाव आपलं हाये. उपटा तो अन् पल्याडच्या टेकडीवर चला."

सुपडूबाबाचा हात उचलेना. धोका उभा असताना लाल झेंडा काढायचा? त्याच्या नोकरीत याहून मोठा गुन्हा नव्हता. तो रडला, असं म्हणतात. आणि मग त्यानं झेंडा उपटला.

"देव टेकडीवर चालला!" वाजतगाजत गाव त्याच्या मागं निघालं, वाटेत वस्तीतले लोणी माखलेले बैलसुद्धा घेऊन. शेवटचा बैल वर चढला आणि पाळ फुटली. वस्ती गेली. बाबाचं शेत गेलं. पाणी टेकडी चढू लागलं, तेव्हा त्यानं झेंडा रोवला आणि पाण्यासमोर हात वर केले. पाणी झेंड्यापासून तीस पावलांवर आलं आणि थांबलं, असं म्हणतात. त्या दिवशी लाल झेंडा कळला तो फक्त पाण्याला. कुणी पन्नास पावलं सांगतं, कुणी म्हणतं पाणी टेकडीपर्यंत आलंच नव्हतं. खरं काय, मलाही उमगत नाही. पण एक माणूस गेला नाही, एक बैल गेला नाही, हे मात्र सगळे एकसारखंच सांगतात.

पुढं बाबा मरेपर्यंत शेतात वाहून आलेले दगड वेचत राहिला. कुणी पाया पडायला वाकलं की चिडायचा.

अजूनही खांदमळणीला आमचं गाव बैल घेऊन टेकडीवर जातं. वर लाल झेंडा असतो. त्याला बघून थांबायचं की पाया पडायचं, हा वाद मिटलेला नाही, म्हणून आम्ही तीस पावलांवर थांबतो आणि तिथूनच हात जोडतो. नव्या सुना विचारतात, देव कुठं आहे? कुणी झेंडा दाखवतं, कुणी पाळ. मग खाली नव्या पाळीवर एक जण दगडांवर हातोडा मारत जातो. तो आवाज वर ऐकू येतो का? मला तरी कधी आला नाही. पण सगळं गाव कान देऊन उभं असतं. पाळ पक्की आहे असा पाळीवरून त्या माणसानं हात हलवला, की कौतिकाबाईच्या नावानं गावातली सगळ्यात म्हातारी बाई पुढं होते, झेंडा उपटते आणि म्हणते, "चला घरी."