नावात रान

एक होतं रान. रानात डोंगर होता, नदी होती, मोहाची झाडं होती आणि राजाही होता. रानात कोण कोण राहतं याची यादी तेवढी नव्हती, आणि ती नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या रानात एका ऐनाच्या झाडाखाली भिवराबाई नावाचं एक खवल्या मांजर राहत असे. वय झालेलं, डोळे अधू, स्वभाव भिडस्त. दिवसा बिळात झोपावं, दिवेलागणीला उठून वाळवी खावी, असा तिचा संसार. कुणी आवाज चढवला की ती अंगाचं मुटकुळं करून बसायची आणि आवाज निघून जाईपर्यंत उलगडायची नाही. शेजारच्या बिळात केरबा साळिंदर. तो फटकळ. पावसाळ्यात तिच्या बिळात पाणी शिरलं की तो शिव्या घालत बिळाला दुसरं तोंड उकरून द्यायचा. त्याच्या साठवलेल्या कंदांना वाळवी लागली की ती मुकाट्याने येऊन खाऊन टाकायची. दोघांचं पटत नसे, पण एकमेकांवाचून चालतही नसे.

एका उन्हाळ्यात, दुष्काळासाठी राजाच्या गुहेत साठवलेली मोहाची फुलं नाहीशी झाली. जनावरं गुहेपुढे जमली. राजा वाघ मिशा पुसत बाहेर आला. प्रश्न फार चांगला आहे, असं तो म्हणाला. पण त्याआधी आणखी एक प्रश्न येतो. विचारणारा कोण? रानातला, की बाहेरचा?

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मोहाचं पुन्हा कुणी विचारलं नाही. जो विचारेल तो बाहेरचा, हे न सांगताच प्रत्येकाला कळलं होतं.

मग समिती नेमली गेली. अध्यक्ष बगळा. त्याची निष्ठा प्रसिद्ध होती. एका पायावर तो तासन् तास उभा राहू शकत असे. कोणत्या पायावर, ते हवा पाहून ठरवी. दाखले लिहायला खारूताई. समितीने विचार करून खऱ्या रानवासीयाची खूण शोधून काढली: ज्याच्या नावात रान, तो रानातला. रानडुक्कर, रानगवा आणि रानकोंबडा पहिल्याच दिवशी पास झाले आणि झाडाझाडावरून घोषणा घुमली, "नावात रान, त्यालाच मान!"

दुसऱ्या दिवशी सशाने आपलं नाव रानससा लावलं, पोपटाने रानपोपट. ज्यांची खारूताईशी ओळख होती त्यांची नवी नावं जुनी ठरली. बाकीच्यांवर बनावट नावाचे गुन्हे दाखल झाले. खुद्द राजाच्या नावात रान नव्हतं. तेव्हा रानालाच वाघरान असं नाव देण्यात आलं आणि तो पेच सुटला. वटवाघळाच्या नावात वाघ सापडल्याने त्याला राजाचा भाऊबंद मानून वरच्या फांदीवर बसवलं. तसं ते तिथे आधीपासूनच लटकत होतं. नीलगाईच्या नावात गाय निघाली, म्हणून तिच्या गळ्यात हार पडले. आपण हरणाच्या नात्यातल्या, हे तिला सांगायचं होतं, पण हारांतून तोंड वर येईना.

भिवराबाईची सुनावणी दुपारी बाराला होती. उन्हात तिला दिसत नाही, म्हणून केरबा पुढे काटे खडखडवत चालला आणि त्या आवाजामागे ती. वाटेत त्याने बजावलं की विचारतील तेवढंच बोलायचं. असं तो दुसऱ्यांना नेहमी सांगत असे.

बगळ्याने नाव विचारलं. तिने खवल्या मांजर असं सांगितलं.

"मांजर गावात असतं. गावात कुणाकडे होतात?"

"मी मांजर नाही, साहेब. लोक नुसतं म्हणतात."

"म्हणजे खोटं नाव लावता."

खारूताईने तसं लिहून घेतलं. मग समितीचं लक्ष खवल्यांकडे गेलं. खवले असतात माशाला. मासा रानात राहत असेल तर ती घुसखोरीच झाली, त्याची जागा नदीत. एवढं बोलून बगळ्याने भिवराबाईला नीट न्याहाळलं. माशाकडे पाहायची त्याची एक खास नजर होती. मग नियमाप्रमाणे शेवटचा प्रश्न आला: रानावर प्रेम आहे का?

 हे भिवराबाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईच्या शेपटीवर बसून पाहिलेलं पहिलं वारूळ तिला आठवलं. आई गेली ती याच मातीत गेली. पण याला प्रेम म्हणायचं की काय म्हणायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

"प्रेमाचं मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मला इथं अंधारात वाट सापडते. दुसरीकडे सापडायची नाही."

खारूताईने कागद उलटसुलट करून पाहिला. असल्या उत्तराला त्यात रकाना नव्हता.

इथे केरबाच्याने राहवेना. तो पुढे होऊन म्हणाला की ही बाई माझ्या आज्याच्या आधीपासून इथं आहे, हिच्या आईने खणलेल्या बिळात माझा जन्म झाला, आणि हिला मासा म्हणणाऱ्याने एकदा मासा नीट बघून घ्यावा. बगळ्याने पाय बदलला.

"साक्षीदाराचं नाव?"

"साळिंदर."

समितीने या नावावर बराच काथ्याकूट केला. साळ म्हणजे भात. भात पिकतो शेतात. शेत असतं रानाबाहेर. साक्षीदार बाहेरचा, म्हणून साक्ष बाद. आणि साक्षीदाराने उद्या सूर्य मावळायच्या आत नदीपार व्हावं.

केरबाने काटे फुलवले, रानडुकरं धावून आली, घोषणा सुरू झाल्या. त्या गलक्यात भिवराबाईने अंगाचं मुटकुळं केलं. हाका मारल्या, ती उलगडेना. रानडुकराने ढकलली तर घरंगळत गेली. समितीची पंचाईत झाली. खारूताईने चारी बाजूंनी पाहून नोंद केली: गोल आहे, वरून खवल्याखवल्यांचं आहे, बोलत नाही. सबब सीताफळ.

सीताफळ रानातलंच. त्याला बाहेर काढता येत नाही. ती रानाची संपत्ती. त्याला मत नसतं आणि तक्रारही नसते. खारूताईने एका खवल्यावर शिक्का मारला. राजाला हे फार आवडलं. संध्याकाळच्या सभेत तो म्हणाला, "रानबांधवांनो, सीताफळाकडे पाहा. काही मागत नाही, काही विचारत नाही. याला म्हणतात रानप्रेम." चार दिवसांत कासवाने कवठ म्हणून अर्ज केला आणि घुबडाने भोपळा म्हणून. दोन्ही मंजूर झाले.

पण ते नंतरचं. सभेच्या दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर केरबा नदीवर पोचला, तर मागून कुणीतरी ठेचकाळत येत होतं. तिला पाहून तो चिडला. तुझं काम झालंय, शिक्का मिळालाय, आता मुकाट्याने घरी जा, असं त्याने सुनावलं. माझ्यापायी तुझं घर गेलं, एवढंच तिने म्हटलं; त्यावर, तोंड माझं होतं, तुझं नव्हतं, असं तो म्हणाला. ती तिथेच उभी राहिली.

"आक्का, तुला पाण्याची भीती वाटते."

"वाटते की. पण केरबा, तू गेल्यावर मला आक्का म्हणणारं तिथं कोण आहे? सगळे सीताफळ म्हणतात."

केरबाने काटे मिटवून घेतले. असं फार क्वचित होई.  ती त्याच्या अंगाला धरून पाण्यात उतरली. उन्हाळ्याचं पाणी जेमतेम पोटापर्यंत होतं, तरी ती सारा वेळ थरथरत होती आणि तो सारा वेळ तिच्यावर खेकसत होता.

पलीकडच्या काठावर दुसरं रान होतं आणि दुसरी समिती. तिचा अध्यक्षही बगळाच. तिथे नियम होता की नावात नदी हवी. ती नसल्यामुळे दोघांना आल्या वाटेने परत पाठवण्यात आलं. सीताफळ चालत नसतं, असं म्हणत अलीकडच्यांनी शिक्का बाद केला आणि दोघांना पुन्हा पलीकडे हाकललं. तिसऱ्या खेपेला भिवराबाईचे पाय उचलेनात, तेव्हा दोघं पात्रातल्या वाळूच्या बेटावर थांबली. तिथे आधीच पाणमांजर होतं, घोरपड होती, नाव सिद्ध करू न शकलेले पाचपंचवीस ससे होते. कुणी कुणाला काही विचारलं नाही. केरबाने कडेची कोरडी जागा हुंगून काढली आणि तोंडाची टकळी चालू ठेवत बीळ उकरायला घेतलं. भिवराबाई माती मागे सारत राहिली.

बेटावर आता चांगली वस्ती आहे. तिथे कुणालाच मत नाही. मात्र दोन्ही काठांवर हल्ली निवडणुका होतात त्या त्यांच्याच विषयावर, आणि बेट हटवू असं जो सांगतो तोच दोन्हीकडे निवडून येतो. बेट कुणी हटवत नाही. पुढच्या निवडणुकीला लागतं.