थोरल्या जासुदाची उंच सायकल

फार जुनी गोष्ट आहे. इतक्या जुन्या काळी सायकली होत्या का, असं कुणी विचारेल. आमच्या गोष्टीत होत्या.

एका डोंगरी राज्यात राजाचे निरोप जासूद सायकलवरून पोचवत. त्यांतला सगळ्यांत चपळ जासूद अंगाने ठेंगणा होता. राजाने त्याला थोरला जासूद नेमलं आणि नवी सायकल करून घ्यायला सांगितलं. उंच सायकल म्हणजे मोठा हुद्दा, अशी तिथली समजूत होती.

सायकली बांधणाऱ्या म्हातारीची रीत ठरलेली. माणसाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करायचं आणि टाचेपासून जांघेपर्यंत दोरीने माप घ्यायचं. ठेंगण्याने हळूच टाचा उचलल्या.

"टाचा टेक, बाबा," म्हातारी म्हणाली. "ही दोरी धरण्यात माझा जन्म गेला."

"आजी, मला सगळ्यांत मोठी फ्रेम दे. लहान सायकलवर बसलो तर लोक हसतील."

"सीट मी खाली घेईन, पण फ्रेमची लांबी कशी आखडू? हँडल लांब पडेल. उतारावर ब्रेकला बोटं पोचायला नकोत का?"

त्याने ऐकलं नाही. गावातून मिरवताना तो ऐटबाज दिसला खरा. पाठ धरायची, मनगटं भरून यायची, ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही.

एके सकाळी राजाने निरोप दिला, "दुपारी धरणाचे दरवाजे उघडणार. नदीच्या पात्रात कलिंगडं लावणाऱ्यांना माल काढून वर यायला सांग." पात्रातली पहिली वाडी जासुदाच्या बहिणीची होती.

जुन्या सायकलवर तो घाट चुटकीसरशी उतरत असे. आता ब्रेक धरायला सीटवरून पुढे सरकावं लागे, आणि सरकलं की तोल जाई. पहिल्याच वळणावर सायकल कलली. पाय टेकवायला गेला तर जमीन लागेना, आणि तो आपटला. मग बसायची हिंमतच होईना. उरलेला घाट तो सायकल हातात धरून चालत उतरला.

पोचला तेव्हा पाणी आलं होतं. माणसं कशीबशी काठावर चढली होती. कलिंगडं एकामागून एक वाहून चालली होती. बहीण ओल्या लुगड्यानिशी उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "सायकल असून चालत आलास?"

त्याला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो म्हातारीकडे गेला, न सांगता जोडे काढले आणि भिंतीपाशी टाचा घट्ट टेकून उभा राहिला.

तात्पर्य: वाहन आपल्या मापाचं घ्यावं, मानाचं नव्हे.